छायाचित्रातील मानवी देह कसा पाहावा?



चित्र कसे पाहावे, शिल्प कसे पाहावे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. छायाचित्र कसे पाहावे याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. त्याचे कारण उघड आहे. छायाचित्रात जे असते ते डोळ्यांसमोरच असते, त्यात शिकण्यासारखे काय आहे, अशी आपली समजूत असते. चित्रकाराने झाड काढले तर त्याने ते असेच का काढले, हा प्रश्न आपल्या मनात येतो. छायाचित्रात झाड दिसले तर ‘तेथे झाड होते’ एवढे म्हणून आपण पुढे जातो. आणि झाडाऐवजी त्या छायाचित्रात उघडा मानवी देह असला, तर आपण तितकेही थांबत नाही. कोणी संकोचाने पान उलटतो, कोणी आजूबाजूला पाहून ते पुन्हा उघडतो, आणि कोणी आपले कलाप्रेम शेजाऱ्याला कळावे म्हणून ‘वा, काय सौंदर्य आहे!’ असे म्हणून मोकळा होतो. या तिघांपैकी चित्र कोणीच पाहिलेले नसते.

देहाचे छायाचित्र वाचावे लागते, आणि ते वाचण्याची एक साधी, कोणालाही जमण्यासारखी रीत आहे, हे आज मला सांगावयाचे आहे. त्यासाठी मी पुष्कळ चित्रांची यादी देणार नाही. बिल ब्रँट या छायाचित्रकाराचे १९५७ सालातले एक कृष्णधवल छायाचित्र आपण मुख्यतः विचारात घेऊ आणि तुलनेसाठी एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराचे दुसरे एक घेऊ. एक चित्र नीट पाहता आले, तर शंभर पाहता येतात.

प्रथम, चित्रात काय आहे तेवढेच सांगतो. इंग्लंडच्या दक्षिणेला ईस्ट ससेक्स नावाचा परगणा आहे. तेथील समुद्रकिनाऱ्यावर वाळू थोडी आणि गोटे फार. त्या गोट्यांच्या किनाऱ्यावर, चित्राच्या अगदी पुढच्या भागात, एक मानवी कान आहे. तो इतका मोठा दिसतो की दूरवरचा कडा त्याच्यापुढे लहान वाटावा. ज्या व्यक्तीचा हा कान, तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. डोळे नाहीत, ओठ नाहीत. कानाच्या वळ्या, त्यांतील सावल्या, भोवती गोटे, मागे किनारा आणि आकाश. बस्स. ब्रँटने देहाची जी अनेक चित्रे काढली त्यांत हे मोडते. त्यांतील दुसऱ्या काही चित्रांत गुंफलेली बोटे, दुमडलेले कोपर, गुडघा किंवा पाऊल असेच राक्षसी आकाराचे होऊन किनाऱ्यावर पडलेले दिसते.

हे पाहताच मनात पहिली शंका येते ती ही, की यात काही हातचलाखी आहे काय? दोन चित्रे कापून एकमेकांवर चिकटवली आहेत काय? तसे काही नाही. कान तेथेच होता, गोटे तेथेच होते, आणि कडाही तेथेच होता. मग कान कड्याहून मोठा कसा? याचे उत्तर मिळाले की वाचनाची पहिली पायरी चढून झाली.

याचे उत्तर अंतरात आहे. वस्तू डोळ्याला किती मोठी दिसते हे तिच्या खऱ्या आकारावर आणि तिच्या अंतरावर, दोहोंवर अवलंबून असते. कल्पनेने एक हिशेब करू. सहा सेंटिमीटर उंचीचा कान भिंगापासून तीस सेंटिमीटरवर आहे आणि साठ मीटर उंचीचा कडा सहाशे मीटरवर आहे. कानाची उंची त्याच्या अंतराच्या पाचव्या हिश्श्याइतकी आहे. कड्याची उंची त्याच्या अंतराच्या दहाव्या हिश्श्याइतकी. म्हणजे चित्रात कान कड्याच्या दुप्पट उंच येणार. यात यंत्राने काही लबाडी केलेली नाही. यंत्राने भूमितीचा नियम तेवढा पाळला आहे.

हाच नियम आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइल हातात धरून आपण स्वतःचा फोटो काढतो आणि नाक भलतेच मोठे आले म्हणून कुरकुरतो. मोबाइल नाकापासून तीस सेंटिमीटरवर असला तर कान सुमारे बेचाळीस सेंटिमीटरवर असतो. तेव्हा कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठे उमटते. तोच फोटो कोणी तीन मीटरवरून काढला तर अंतरे तीनशे आणि तीनशे बारा सेंटिमीटर होतात, आणि फरक शेकडा चारच उरतो. म्हणून जुने स्टुडिओवाले माणसाला जरा दूर बसवून फोटो काढीत. ब्रँटने जाणूनबुजून याच्या उलट केले. तो जवळ गेला, फारच जवळ गेला, आणि रुंद कोनाचे भिंग वापरले, म्हणजे इतक्या जवळूनही मागचा सारा देखावा चित्रात मावावा.

परंतु एवढ्याने कोडे पुरते सुटत नाही. आपण बोट डोळ्याजवळ धरले तरी ते डोंगराएवढे झाले असे आपल्याला वाटत नाही. का? कारण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होऊ शकतो. बोट स्पष्ट दिसते तेव्हा डोंगर पुसट होतो, आणि त्या पुसटपणावरून मन समजते की हा दूर आहे. ब्रँटच्या चित्रात जवळचा कान आणि दूरचा कडा दोन्ही स्पष्ट आहेत. अंतर ओळखण्याची आपली नेहमीची खूण त्याने काढून घेतली आहे. साहजिकच मन गोंधळते आणि दोन्ही वस्तू एकाच अंतरावर आहेत असे धरून चालते. मग कान खरोखरच खडक होतो.

ही पाहण्याची रीत ब्रँटला कोठे सापडली, त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. ब्रँट १९०४ साली जर्मनीत हॅम्बर्ग येथे जन्मला, जरी पुढे तो आपण लंडनचेच असे सांगत असे. तरुणपणी त्याला क्षय झाला आणि स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे आरोग्यधामात राहावे लागले. १९३०च्या सुमारास पॅरिसमध्ये मॅन रे या कलावंताच्या स्टुडिओत त्याने काही काळ उमेदवारी केली आणि नंतर तो लंडनला स्थायिक झाला. ‘द इंग्लिश ॲट होम’ (१९३६) आणि ‘अ नाइट इन लंडन’ (१९३८) या पुस्तकांत त्याने इंग्रज समाजाचे वरचे आणि खालचे थर समोरासमोर ठेवले. म्हणजे हा मूळचा समाजाकडे पाहणारा छायाचित्रकार. त्याच्या हाती पुढे लंडनमधील कॉव्हेंट गार्डनजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात एक लाकडी कोडॅक कॅमेरा लागला. त्याला शटर नव्हते. भिंगाचे छिद्र टाचणीने पाडल्यासारखे बारीक होते, आणि भिंग कायमचे दूरवर स्थिर केलेले होते. तो पोलिसांसाठी बनवलेला कॅमेरा होता, असे त्याला नंतर कळले. गुन्हा घडलेल्या खोलीची नोंद करताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारे एकाच चित्रात आणि स्पष्ट यावे, एवढीच त्या कामाची गरज असते. कोणती वस्तू महत्त्वाची आणि कोणती बिनमहत्त्वाची, हे त्या क्षणी कोणाला सांगता येत नाही.

महायुद्धाच्या अखेरीस, १९४५च्या आसपास, ब्रँटने या पोलिसी कॅमेऱ्याने लंडनच्या जुन्या घरांतील उंच छतांच्या खोल्यांत नग्न स्त्रीची छायाचित्रे काढावयास आरंभ केला. ऑर्सन वेल्स याच्या ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटातील छतासकट दिसणाऱ्या खोल्यांचा आपल्या मनावर परिणाम झाला होता, हे त्याने स्वतः नमूद केले आहे. छिद्र इतके बारीक, की कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर काय उमटते आहे ते नीट दिसतही नसे. त्यामुळे स्वतःला दिसते ते टिपण्याऐवजी यंत्राला काय दिसते ते पाहू द्यावे, अशी त्याची वृत्ती झाली. पुढे समुद्रकिनाऱ्यावर त्याने रुंद कोनाची नवी यंत्रेही वापरली. पण डोळ्याला जे शिक्षण मिळाले ते त्या जुन्या लाकडी पेटीकडूनच. १९६१ साली ही चित्रे ‘पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’ या पुस्तकात एकत्र आली. त्याला लॉरेन्स डरेल या कादंबरीकाराने प्रास्ताविक लिहिले आहे.

आता दुसरी पायरी. हे चित्र काळेपांढरे आहे. १९५७ साली रंगीत फिल्म बाजारात मिळत होती. कृष्णधवल ही केवळ लाचारी नव्हती. क्षणभर कल्पना करा की हेच चित्र रंगीत आहे. कानाची गुलाबी कड, त्वचेतून दिसणारे रक्त, करडे गोटे, निळसर पाणी. मांस आणि दगड यांची ताटातूट पहिल्या दृष्टिक्षेपातच झाली असती, आणि कान खडक होऊच शकला नसता. रंग काढून घेतल्यावर मांसालाही राखाडी छटा आणि दगडालाही राखाडी छटा. दोघांची भाषा एक झाली. आपण ‘रंग नाही’ असे म्हणतो तेव्हा काही उणे आहे असे सुचवतो. येथे रंग नसणे हेच चित्र घडविण्याचे साधन आहे.

याच्याही पुढे डार्करूममधले काम आहे. ज्यांनी जुन्या पद्धतीने फोटो धुतले आहेत त्यांना ठाऊक असेल की छपाईचा कागद सॉफ्ट आणि हार्ड अशा निरनिराळ्या प्रतींचा मिळतो. सॉफ्ट कागदावर काळ्यापांढऱ्याच्या मधल्या छटा पुष्कळ येतात. हार्ड कागदावर त्या गळतात आणि काळे अधिक काळे, पांढरे अधिक पांढरे होते. देहाच्या बाबतीत या मधल्या छटांना फार महत्त्व आहे. त्वचेवरची बारीक लव, रंध्रे, सुरकुत्या, शिरांचा उंचवटा, थोडक्यात ज्यावरून हा देह ऊबदार आहे, श्वास घेतो आहे असे वाटते, ते सारे या मधल्या छटांत राहते. ब्रँट पन्नाशीच्या दशकापासून आपल्या प्रती अधिकाधिक कडक छापू लागला. याचा अर्थ असा की त्याने देहातली ऊब हेतुपुरस्सर कमी केली आणि आकार तेवढा ठेवला. ईस्ट ससेक्सचे कडे खडूच्या दगडाचे आहेत, आणि किनाऱ्यावरचे गोटे पुष्कळसे त्याच खडूतून सुटलेल्या गारगोटीचे आहेत. त्या खडूचा पांढरेपणा आणि गारगोटीचा गुळगुळीतपणा त्याने देहाला दिला. प्रतींवर तो ब्रशाने, पेन्सिलीने आणि धारदार पात्यानेही काम करीत असे. छायाचित्र म्हणजे जसेच्या तसे, ही आपली समजूत येथे पुरती संपते.

येथपर्यंत आपण चित्र कसे घडले ते पाहिले. आता ते का घडले, या अवघड प्रश्नाकडे वळू. येथे मात्र पाऊल जपून टाकले पाहिजे, कारण येथूनच अर्थ लावणाऱ्याच्या कल्पनाशक्तीला पंख फुटतात.

एक गोष्ट नोंदलेली आहे. १९४० साली जर्मन विमाने लंडनवर बाँब टाकीत असता हजारो लोक रात्री भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आणि तळघरांत झोपत. त्यांची छायाचित्रे घेण्याचे काम सरकारच्या माहिती खात्याने ब्रँटकडे दिले. त्याच सुमारास हेन्री मूर हा शिल्पकार याच झोपलेल्या माणसांची रेखाटने करीत होता. १९४२ साली ‘लिलिपुट’ या मासिकाने दोघांचे काम शेजारी शेजारी छापले. मूरची शिल्पे ज्यांनी चित्रांतून का होईना पाहिली आहेत, त्यांना ब्रँटचे किनाऱ्यावरचे देह पाहताना त्यांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. मूरच्या हातून आडवी झालेली स्त्री टेकडीसारखी होते. ब्रँटच्या भिंगातून आडवा झालेला देह कड्यासारखा होतो. मग असे म्हणावे काय, की भुयारात दाटीवाटीने झोपलेले देह ज्याने पाहिले, त्याने युद्ध संपताच तो देह रिकाम्या खोलीत एकटा पाहिला, आणि शेवटी मोकळ्या समुद्राकाठी दगडासारखा टिकाऊ करून ठेवला? बाँबने फुटणारी वस्तू न फुटणारी करून दाखवली? मला हा अर्थ पटतो. पण तो मी लावलेला अर्थ आहे, हेही मी त्याच दमात सांगतो. अंतराचा हिशेब सिद्ध करता येतो; युद्धाचा संबंध सुचवता येतो. या दोहोंमधला फरक जो विसरला, त्याचे वाचन बिघडले.

ते कसे बिघडते याचे एक नामी उदाहरण वेस्टनच्या चित्रात आहे. हे चित्र १९३६ सालचे, कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील. दाराच्या उंबऱ्याशी एक नग्न तरुणी बसली आहे. मागे अंधारी खोली, अंगावर लख्ख ऊन. एक गुडघा उभा, दोन्ही हातांनी पायांना वेढा घातलेला, आणि मान अशी खाली झुकलेली की चेहरा दिसत नाही. दिसतो तो केसांचा भांग. बसलेल्या देहाचा एक बंद, पुरा झालेला आकार. येथे जवळ जाऊन काही फुगवलेले नाही. सारा देह आपापल्या प्रमाणात आहे.

आता या झुकलेल्या मानेचा अर्थ काय? कोणी म्हणेल लज्जा. कोणी म्हणेल शोक. कोणी म्हणेल ध्यान, आत्ममग्नता. आपल्यासारख्यांना तर समाधीच आठवेल. सुदैवाने या चित्रातली स्त्री मुकी राहिली नाही. ती कॅरिस विल्सन. ती स्वतः लेखिका होती; वेस्टनबरोबर १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅलिफोर्निया अँड द वेस्ट’ या पुस्तकाचा मजकूर तिचाच आहे. पुढे तिने आपल्या आठवणींत या चित्राची हकीकत सांगितली. ऊन डोळ्यांवर येत होते म्हणून तिने मान खाली घातली, आणि वेस्टनने तिला तशीच राहावयास सांगितले. लज्जा नाही, शोक नाही, समाधीही नाही, ऊन.

तर मग आपण लावलेले सारे अर्थ खोटे ठरले काय? तसेही नाही. मान उन्हामुळे खाली गेली हे खरे. पण वेस्टनने तो क्षण निवडला, त्या वाकलेल्या मानेत त्याला काही दिसले, म्हणूनच त्याने तिला थांबवले. कारण एक असते आणि अर्थ दुसरा असू शकतो. चूक होते ती अर्थालाच कारण समजण्यात. ‘ती लाजली आहे’ असे म्हणणे चुकीचे. ‘हा आकार स्वतःत मिटलेला वाटतो’ असे म्हणणे बरोबर. पहिल्या वाक्यात आपण एका जिवंत व्यक्तीच्या मनाविषयी साक्ष देतो, जिचा आपल्याला अधिकार नाही. दुसऱ्यात आपल्यासमोर असलेल्या चित्राविषयी बोलतो, ज्याचा आहे.

विल्सनने आणखी एक मौजेची गोष्ट नोंदवली आहे. वेस्टनला त्या चित्रातील उजव्या हातावरची सावली कायम खटकत राहिली. आणि तिला स्वतःला खटकत राहिला तो वाकडा भांग आणि केसांतल्या पिना! काढणाऱ्याला प्रकाश दिसला, जिचे चित्र तिला आपली वेणीफणी दिसली. दोघेही खरे बोलत होते. चित्राचा अर्थ काढणाऱ्याच्या मुठीत नसतो आणि बसणाऱ्याच्याही नसतो, हे यावरून ध्यानात यावे. आणि तिला या चित्रावरून विशेष आठवे ते हे, की वेस्टन भिंग घेऊन त्या प्रतीवर वाकला आहे आणि देहावरचे चार केस दिसतात म्हणून हे चित्र टपालाने पाठवता येईल की नाही, याचा विचार करतो आहे. एका चित्रावर कलावंताची नजर, त्या स्त्रीची नजर आणि टपालखात्याची नजर, अशा तीन नजरा होत्या.

ब्रँटकडे परत येताना हीच गोष्ट मनात डाचते. त्याच्या चित्रांना नावे आहेत ती बहुधा जागेची आणि सालाची: ईस्ट ससेक्स, नॉर्मंडी, लंडन. कान कोणाचा, ते नाव चित्रावर नाही. जी स्त्री त्या गारठलेल्या गोट्यांवर आडवी झाली, तिला काय वाटले, ते चित्र आपल्याला सांगत नाही. येथे एक आक्षेप घेता येतो, आणि तो मी हलका मानीत नाही. जिवंत माणसाचा दगड करणे हे कसले मोठेपण? चेहरा काढून टाकला, नाव काढून टाकले, ऊब काढून टाकली. उरली ती वस्तू. स्त्रीदेहाला वस्तू मानण्याची जी जुनी खोड आहे, तिचेच हे सुसंस्कृत रूप नव्हे काय?

या आक्षेपातला खरा भाग मान्य केलाच पाहिजे. व्यक्ती येथे हरवली आहे. तो तोटा आहे, आणि तो तोटाच म्हणून मांडला पाहिजे. पण जमेच्या बाजूलाही काही आहे. बाजारी चित्रात देह आपल्याकडे पाहतो, खुणावतो, आपल्यासाठी मांडलेला असतो. पाहणारा धनी आणि देह त्याचा माल. ब्रँटचा कान आपल्याला खुणावत नाही. तो आपल्याहून मोठा आहे. त्याच्यापुढे आपण लहान होतो, जसे कड्यापुढे होतो. ज्याच्यापुढे आपण लहान झालो, त्याचे आपण मालक राहत नाही. शिवाय कान हे इंद्रिय आपण रोज पाहतो आणि कधीच पाहत नाही. त्याच्या वळ्या शंखासारख्या आहेत, लाटेने झिजवलेल्या दगडासारख्या आहेत, हे त्या चित्रानंतर कायमचे लक्षात राहते. तेव्हा वाचकाने जमा आणि तोटा दोन्ही बाजू लिहून ठेवाव्यात. एकच बाजू लिहिणारा हिशेब कितीही सुबक असला तरी खरा नव्हे.

आता आपल्याकडे येऊ, कारण हा प्रश्न आपल्याला परका नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जिवंत मॉडेलवरून मानवाकृती काढण्याचे वर्ग सुरू झाले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत चालले. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली कर्व्यांना एकाहून अधिक वेळा न्यायालयात जावे लागले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. देहाविषयी लाजेने गप्प राहणे हेच अनारोग्य आहे, असे कर्व्यांचे म्हणणे होते. त्यांनी मुखपृष्ठावर देह छापला तो सौंदर्याच्या आस्वादापेक्षा या विचारासाठी.

पुढे सर्वोच्च न्यायालयालाही या विषयात पडावे लागले. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याविरुद्धच्या, रणजित उदेशी या नावाने प्रसिद्ध असलेल्या १९६४ सालच्या निकालात न्यायालयाने पुस्तक अश्लील ठरवले, पण नग्नता असली म्हणजे तेवढ्यानेच अश्लीलता सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट केले. त्या निकालात अश्लीलतेची कसोटी मात्र एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची होती: ज्याचे मन बिघडण्यासारखे आहे त्याच्यावर मजकुराचा काय परिणाम होईल, अशी. ती कसोटी बदलली ती २०१४ साली, आणि लक्षात घ्या, एका छायाचित्रावरून. बोरिस बेकर हा गोरा टेनिसपटू आणि त्याची कृष्णवर्णीय वाग्दत्त वधू यांचे नग्न छायाचित्र एका जर्मन मासिकात आले होते. वर्णद्वेषाविरुद्धच्या मुलाखतीसोबत ते होते, आणि छायाचित्र घेणारा त्या वधूचा पिताच होता. १९९३ साली ते कलकत्त्याच्या एका क्रीडासाप्ताहिकाने आणि मग एका दैनिकाने पुन्हा छापले, आणि त्या वेळच्या दंडविधानाच्या कलम २९२ खाली खटला उभा राहिला. वीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द केला. त्यात न्यायाधीशांनी काय केले? त्यांनी चित्र वाचले. ते कोणी काढले, कोणत्या मजकुराबरोबर छापले, त्यातून काय सांगावयाचे होते आणि आजच्या समाजातील सर्वसाधारण माणूस ते कसे पाहील, हे त्यांनी विचारले. आपण आज ज्या पायऱ्या चढलो, त्यांतल्या काही न्यायालयालाही चढाव्या लागल्या. आणि एका संपादकाची अब्रू त्या वाचनावर टांगलेली होती.

तेव्हा आता ही रीत एकत्र मांडतो. देहाचे छायाचित्र पुढे आले की प्रथम, जे दिसते तेवढेच स्वतःशी सांगावे; विशेषणे मागाहून. दुसरे, काढणारा कोठे उभा होता आणि किती जवळ होता, प्रकाश कोठून आला, हे शोधावे. तिसरे, छपाईत काय ठेवले आणि काय गाळले ते पाहावे. चौथे, ते कोणत्या काळात निघाले आणि कोठे छापले किंवा टांगले गेले, हे विचारावे. आणि येथे माहीत असलेले कोणते व अंदाजाचे कोणते, याची सरमिसळ करू नये. पाचवे, ज्याचा देह आहे त्याचे म्हणणे मिळते काय ते पाहावे. मिळाले तर ऐकावे, आणि न मिळाले तर ते आपल्या पदरचे घालून पुरे करू नये. इतके झाल्यावर मग सौंदर्याविषयी बोलावे. त्या वेळी बोललेल्या ‘वा!’ला काही मोल असते.

या विवेचनाची गरज कलादालनापुरती असती तर मी आपला इतका वेळ घेतला नसता. ब्रँटच्या काळी देहाचे छायाचित्र काढण्यास तिपाई लागे, अंधारी खोली लागे, काही तास लागत. आज ते एका बोटाच्या स्पर्शाने निघते आणि दुसऱ्या स्पर्शाने गावभर जाते. जाताना त्याची जागा, साल, हेतू, संमती, सारे वाटेत गळून पडते. उरतो केवळ देह आणि त्याच्याविषयी मत देण्यास अधीर झालेले लोक. मान उन्हामुळे खाली गेली होती की लाजेने, हे विचारण्याइतकाही धीर कोणाजवळ नसतो. अशा वेळी चित्र वाचता येणे ही केवळ रसिकतेची बाब राहत नाही. कोणाच्या तरी अब्रूची, कधी जिवाचीही, ती बाब होते.

१९५७ साली ससेक्सच्या किनाऱ्यावर एका छायाचित्रकाराने एक कान एवढा मोठा करून ठेवला, की पाहणाऱ्याला त्याच्यापुढून सहजासहजी हलता येऊ नये. कान हे ऐकण्याचे इंद्रिय आहे. ब्रँटच्या मनात ते होते की नव्हते, हे मी सांगणार नाही. आताच घालून दिलेला नियम मलाही लागू आहे. पण देहाचे चित्र पाहताना नुसते पाहू नये, ते काय सांगते आणि काय सांगत नाही हेही ऐकावे, एवढा बोध मी माझ्यापुरता त्यातून घेतला आहे. तो आपल्यालाही उपयोगी पडेल अशी आशा व्यक्त करतो.